चारशेच्या खाली

मुंबईच्या प्रयोगशाळेचे पाकीट दुपारच्या टपालाने आले. वासुदेव कट्टी यांनी ते नेहमीच्याच पद्धतीने उघडले: ताम्रपटाच्या खोबणीतली माती काढायला उभा जन्म जी बांबूची काडी वापरली तिच्या टोकाने, कडेचा एक तंतूही न फाडता. पुराभिलेखांचे प्राध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षे झाली होती. कागद ओरबाडून उघडणाऱ्या माणसांविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. अलीकडे एकंदर माणसांविषयीच ते चांगले राहिले नव्हते, आणि त्याला पुरेसा पुरावा होता.

पुरावा राघवेंद्रच्या आजारपणात गोळा झाला. राघवेंद्र, घरातला राघू, त्यांचा एकुलता मुलगा. रक्तात एड्सचा विषाणू निघाल्याचा अहवाल हाती पडताच बंगळूरच्या एका नामांकित नर्सिंग होमने त्याची खाट वॉर्डातून उचलून जिन्याखाली नेली. इतर रुग्णांच्या भावना दुखावू नयेत, एवढीच त्यामागे कळकळ होती. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत धन्वंतरीची पंचधातूची मूर्ती होती. त्यांनी राघूला शेवटचे तपासले ते दारातून. वैद्यकाच्या इतिहासात उंबऱ्यावर उभे राहून नाडी पाहण्याचा हा बहुधा पहिलाच प्रयोग असावा. राघू गेल्यावर त्याच्या बायकोच्या, सिद्धीच्या रक्तातही तोच विषाणू निघाला. तिच्या माहेरच्यांनी कळवले की धाकटीचे लग्न ठरवायचे आहे, तेव्हा सिद्धीने सध्या येऊ नये. हा ‘सध्या’ दीड वर्ष टिकून होता.

बाकीच्या जगाला वासुदेवरावांनी सांगितले की राघू काविळीने गेला. हे असत्य होते; परंतु ज्या समाजाला सत्याचा उपयोग फक्त धोंडा म्हणून करता येतो, त्याला सत्य पुरवण्याचे कर्तव्य कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेले नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. निर्वाळा बिनतोड होता. त्याला कुठे भोक होते ते दिसायला अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर उजाडावा लागला.

जयनगरच्या त्या घरात आता सासरा आणि सून अशी दोनच माणसे राहत होती. सिद्धीचा पहिला अहवाल आला तेव्हा आकडा होता दोन लाख दहा हजार. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या तेवढ्या प्रती. डॉ. प्रेमा बसवनगुडीत एका पहिल्या मजल्यावर, पाटी न लावता दवाखाना चालवत. पाटी लावली तर पेशंट जिना चढणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. त्या म्हणाल्या होत्या, “हा फार बेफिकीर लेखनिक आहे, सर. स्वतःची नक्कल करताना सारख्या चुका करतो. त्यातली एखादी चूक अशी निघते की औषध तिच्यावर चालत नाही. म्हणून त्याला नक्कलच करू द्यायची नाही.”

पोथ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकला पाहिलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगण्याची गरज नव्हती. औषधे तीन होती. त्यांतले एक, मोठ्या पांढऱ्या कॅप्सूलचे, एक जुना विद्यार्थी अमेरिकेतून पाठवत असे. ती कॅप्सूल दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी आणि तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची. सिद्धीने राघूचे एचएमटी घड्याळ मनगटावर बांधले, पट्ट्याला स्वतःच्या हाताने एक भोक वाढवून.

चार महिन्यांनी दुसरा अहवाल आला. त्यात आकडाच नव्हता. ‘चारशेपेक्षा कमी’ एवढेच लिहिले होते.

“म्हणजे गेला?” सिद्धीने विचारले होते.

खोटा दिलासा देणे वासुदेवरावांना जमत नसे आणि खरा दिलासा देण्याची त्यांना सवय नव्हती.

“अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही,” ते म्हणाले. “दिवा लावलेला असावा लागतो. घडा असता तर दिसलाच असता, आणि तरी दिसला नाही, तरच तो नाही. आपल्या जुन्या तार्किकांनी हे नीट मांडून ठेवलंय. या यंत्राचा दिवा चारशेपर्यंत पोचतो. त्याच्या खाली काय आहे ते त्याला दिसत नाही.”

“म्हणजे तो अंधारात बसलाय.”

“बसलाय. पण त्याला लिहू देत नाही आपण.”

सिद्धीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “बसू दे की मग. मीही बसलेच आहे.” आणि ती हसली. राघू गेल्यानंतर त्या घरात ऐकू आलेले ते पहिले हसू होते. वासुदेवरावांनी ताबडतोब वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरले.

आज आलेला अहवाल तिसरा होता. त्यात पुन्हा आकडा होता: नऊ हजार सहाशे.

त्यांनी तो दोनदा वाचला. लहानसहान चढउतार यंत्राचेही असतात, दुपटीने हलला तरी घाबरू नका, दहाच्या पटीत वाचायला शिका, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण चारशेच्या खालून नऊ हजार सहाशे हा चढउतार नव्हता. अंधारातला लेखनिक उठून पुन्हा लिहायला बसला होता.

स्वयंपाकघरातून त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला. “सिद्धे, ही वाटी संपव बघू. काडी झालीयस नुसती. शेजारीपाजारी म्हणतील, कट्ट्यांच्या घरात सुनेला उपाशी ठेवायलेत.”

सगुणाक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धारवाडहून आल्या होत्या आणि डोळा झाल्यावरही भावाकडे राहिल्या होत्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याला बेताचेच दिसणारे. तरी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, सोवळे नेसून, स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. त्या येण्याच्या आदल्या दिवशी वासुदेवरावांनी सिद्धीला बोलावून सांगितले होते, “अक्काला काही कळता कामा नये.” कॅप्सूलच्या बाटल्या त्यांनी स्वतः शिलालेखांच्या ठशांच्या कपाटात, गुंडाळ्यांमागे हलवल्या होत्या. सोवळ्याओवळ्यात जन्म काढलेली बाई हे कळल्यावर काय करील, याविषयी त्यांना शंका नव्हती. नर्सिंग होमने त्यांच्या शंका कायमच्या फेडल्या होत्या.

सिद्धी मागच्या पायरीवर अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसली होती. थंडीत ती शेंग आली की सारे जयनगर तिच्या वासाने भरून जाते. वासुदेवराव तिच्यासमोर उभे राहिले.

“गोळ्या घेतेस ना?”

तिने वर पाहिले. “आकडा वाढला का, अण्णा?”

“मी प्रश्न विचारला.”

“मीही.”

“वाढलाय,” ते म्हणाले. मग अगदी सपाट, परीक्षकाच्या सुरात: “तुझी इच्छा नसेल तर मला स्पष्ट सांगायचं. लपवायचं कारण नाही. मी बळजबरी करणार नाही.”

“कसली इच्छा?” तिने विचारले, आणि विचारता विचारताच तिला समजले. तिच्या हातातली शेंग अर्धवट सोललेलीच राहिली. “मी राघूच्या मागे जायला बघतेय, असं वाटतं तुम्हाला? जायचंच असतं तर रोज एवढं पाणी कशाला ढोसलं असतं? एकही चुकली नाही, अण्णा. एकही.”

त्यांचा विश्वास बसला नाही. बनावट ताम्रपट ओळखण्याबद्दल त्यांची ख्याती होती. आणि बनावट ताम्रपटाचे पहिले लक्षण हेच, की त्याचा सूर निःशंक असतो. ते आत गेले. ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी दोघे बसवनगुडीला गेले. डॉ. प्रेमांनी अहवाल पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. वासुदेवराव काही सांगू लागले तसे त्यांनी हात वर केला. “सर, स्वल्प थांबा. मला तिच्याकडून ऐकायचंय. सिद्धी, सकाळपासून सांग. उठतेस कधी, गोळी कधी, खातेस कधी.”

“सहाला गोळी. दुपारी दोनला, रात्री दहाला. घड्याळ लावून.”

“रिकाम्या पोटी?”

सिद्धीने सासऱ्यांकडे पाहिले. “आधी घेत होते तशी.”

“आणि आता?”

“आता आमच्याकडे अक्का आल्यात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. सिद्धी सांगू लागली, जणू दुसऱ्याच कुणाची तक्रार नाइलाजाने करते आहे. तोंड धुऊन आत आले की अक्का तळहातावर डिंकाचा लाडू ठेवतात, वर तुपाची धार सोडलेलीच असते. दुपारचे जेवण त्यांच्या सोवळ्यामुळे उशिरा होते, तेव्हा दोनची गोळी पानावरून उठल्या उठल्या. रात्री साईसकट दूध, आणि समोर उभे राहून ते संपेपर्यंत गप्पा. “पण गोळी चुकवली नाही. खाल्लं की लगेच घेते, विसरायला नको म्हणून. पोटात गेली की झालं, आधी काय नि नंतर काय, असं वाटलं.”

“उपास आहे म्हणायचं.”

“कुठल्या दिवशी कुठला उपास, ते पंचांगाला त्या सांगतात, डॉक्टर.”

“मग सरळ नको म्हणायचं.”

“कारण काय सांगू? सांगायचं नाही असं ठरलं होतं.” कुणी ठरवले ते तिने सांगितले नाही. मान खाली घालून ती म्हणाली, “आणि नको म्हणवतही नव्हतं. राघू गेल्यापासून माझ्या हातावर कुणी हातानं काही ठेवलेलं नव्हतं. अण्णा सगळं करतात. पण ते वाटी टेबलावर ठेवतात.”

दवाखान्याच्या खिडकीखालून एक बस गेली. डॉक्टरांनी पेन पुन्हा उचलले.

“तुपकट खाण्यानंतर ही कॅप्सूल घेतली,” डॉ. प्रेमा सावकाश म्हणाल्या, “तर रक्तात उतरतं ते पाव हिस्सा औषध. बाकीचं वाया. आणि पाव औषध धोक्याचं असतं. त्यानं विषाणू दबत नाही, औषधाला ओळखायला शिकतो.”

“शिकलाय का?” वासुदेवरावांनी विचारले.

“माहीत नाही. ते सांगणारी तपासणी इथे होत नाही, सर. उद्यापासून पोट नीट रिकामं ठेवून घ्यायची. आधी दोन तास काही नाही, नंतर एक तास काही नाही. महिन्याभरानं परत रक्त पाठवू. आकडा खाली आला, तर शिकलेला नाही.”

“आणि नाही आला तर?”

“तर माझ्याकडे आज दुसरं औषध नाही.”

परतीच्या ऑटोत वासुदेवराव साउथ एंड सर्कलपर्यंत स्वतःलाच तपासत होते. त्यांच्या विद्येचा पहिला नियम असा होता की दगडावरचे अक्षर पुसट असेल तर आधी उजेड कुठून पडतो आहे ते पाहावे, दगडाला दोष देऊ नये. हा नियम त्यांनी विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना घोकायला लावला होता. जिन्याखाली खाट ढकलणाऱ्यांचा त्यांनी मनोमन रोज निवाडा केला. आणि स्वतः या पोरीची औषधे कपाटात, गुंडाळ्यांमागे ढकलली. खाट आणि बाटली यांत फरक होता, हे खरे. तो किती होता हे आता महिन्याभराने कळणार होते.

“सिद्धी,” ते म्हणाले, “काल मी चुकीचं वाचलं.”

ती बाहेर बघत होती. “हो,” ती म्हणाली. मग ऑटो जयनगरात वळल्यावर, “असू दे.”

घरी सगुणाक्का झोपाळ्यावर वाती वळत बसल्या होत्या. वासुदेवराव चपला काढून सरळ त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सांगितले. प्रस्तावना केली नाही, तळटीप जोडली नाही. सिद्धी दाराला धरून उभी होती.

अक्कांच्या हातातला कापूस थांबला. “राघूलाही हेच?”

“हो.”

“कावीळ नव्हती.”

“नव्हती.”

“त्या हल्याळच्या कावीळवाल्या वैद्याला मी वर्षभर शिव्या घालायली होते. राघूचं औषध दिलं नाही वेळेत म्हणून. त्यानं काय केलं होतं बिचाऱ्यानं?” त्यांनी पदराने उघडा डोळा टिपला, पट्टीखालच्या डोळ्याला पाणी लावायची मनाई होती. “पहिली आंघोळ घातली रे मी त्याला. ह्या पायांवर. आणि मला कावीळ सांगितलीस.”

“मला वाटलं, तू…”

“काय वाटलं? मी हिचं ताट वेगळं मांडीन?”

वासुदेवरावांना नेमके तेच वाटले होते.

“मांडलंही असतं कदाचित,” अक्का म्हणाल्या. “मी काही साधुसंत नाही. पण तू सांगून बघायचं होतंस. मग भांडायचं होतंस माझ्याशी. लहानपणी चिंचोक्यांवरून भांडायचास, तेवढं तरी. तोंड शिवून बसलास, आणि माझ्या हातानं पोरीचं औषध मारवलंस. हे रे कुठल्या शास्त्रात बसतं?”

वासुदेवरावांनी खाली घरंगळलेली एक वात उचलून बहिणीच्या हातात दिली.

“शिवल्यानं होतं का?” अक्कांनी विचारले.

“नाही.”

“एका ताटात जेवल्यानं?”

“नाही.”

“मग कशानं होतं?”

प्राध्यापक कट्टी यांनी कानापर्यंत लाल होत, थोरल्या बहिणीला, जमिनीकडे बघून, ते सांगितले. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतले. “बरं,” त्या म्हणाल्या, “लाजायला काय झालं? नऊ बाळंतपणं केलीत मी लोकांची. आता ते खाण्याचं सांग. आधी किती, नंतर किती?”

“आधी दोन तास. नंतर एक.”

“पाणी?”

“पाणी भरपूर. जितकं जास्त तितकं बरं.”

“म्हणजे सोवळंच की,” अक्का म्हणाल्या. “आणि निर्जळी एकादशीहून सोपं. पाणी चालतं म्हणे. एवढ्यासाठी सांगितलं नाहीत होय मला?” त्यांनी दाराकडे मान वळवली. बेताच्या डोळ्याला तिथे फक्त एक उंच सावली दिसत असणार. “ये ग इकडं. लांब काय उभी?”

सिद्धी जवळ आली. अक्कांनी चाचपून तिचा हात धरला, राघूच्या घड्याळाच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, त्या वाढवलेल्या भोकापाशी थांबवला. वासुदेवराव उठून कपाटाकडे गेले. ठशांच्या गुंडाळ्यांमागून त्यांनी बाटल्या काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी मांडून ठेवल्या.

त्या दिवसापासून घरात नवे सोवळे सुरू झाले. लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला. दुपारचे जेवण अक्का बाराच्या आत उरकू लागल्या. देवाला त्यांनी सांगून टाकले की नैवेद्य लवकर येईल, सवय करून घ्या. रात्रीचे दूध साय काढून, दिवेलागणीलाच. शेजारच्या प्रेमळ मंडळींनी अवेळी वाटी आणलीच, तर अक्का दारातच विचारत, “गोळीच्या आधीची की नंतरची?” आणि त्यांना बुचकळ्यात सोडून वाटी झाकून ठेवत. पहाटे सिद्धी कॅप्सूल गिळून तांब्याने पाणी पीत असे, तेव्हा त्या समोर पाटावर बसून राहत. तास सरला की लाडू तळहातावर. एकदा वासुदेवरावांनी सुचवले की तूप जरा कमी असावे. “ते वेळेचं शास्त्र तुझं,” अक्का म्हणाल्या. “लाडवाचं माझं.”

संक्रांत झाली. रक्त मुंबईला गेले. त्यानंतरचे दिवस वासुदेवराव कसलेच वाचन करू शकले नाहीत. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत आणि ती कुठल्या शतकातली आहे हे विसरत. औषध शिकून घेतलेला विषाणू त्यांना स्वप्नात दिसला. तो मांडी घालून, बोरूने, सुवाच्य अक्षरात लिहीत होता.

पाकीट आले ते दुपारी अडीचला, सिद्धीने दोनची गोळी घेतल्यावर, तिघेही घरात असताना. वासुदेवरावांनी सवयीने बांबूची काडी उचलली. मग ती खाली ठेवली आणि पाकीट टेबलावरून सिद्धीकडे सरकवले.

तिने ते बोटाने फाडले. वाकडेतिकडे, अर्ध्या तिकिटासकट. कागद उलगडून ती वाचू लागली, आणि वासुदेवरावांना जाणवले की यापूर्वीचा प्रत्येक अहवाल तिने त्यांच्या तोंडून ऐकला होता. स्वतःच्या रक्ताविषयीचा मजकूर तिच्या हाती कधी कुणी दिलाच नव्हता.

“अकराशे,” ती म्हणाली.

“ते चांगलं की वाईट?” अक्कांनी विचारले. वासुदेवरावांनी तोंड उघडले आणि मिटले.

“नऊ हजार सहाशे होता, अक्का. त्याचे अकराशे झाले. जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आला.” ती कागदावर बोट ठेवून बोलत होती. “अजून चारशेच्या वर आहे, म्हणजे दिव्याच्या उजेडात आहे. पण खाली चाललाय. शिकला असता तर असा उतरला नसता.” मग तिने सासऱ्यांकडे पाहिले. “बरोबर, अण्णा?”

“बरोबर,” वासुदेवराव म्हणाले. त्यांना आणखी बरेच काही म्हणायचे होते: एका अहवालावर निष्कर्ष काढू नये, पुढचा येऊ द्यावा, डॉक्टरांना विचारावे. हे सगळे खरे होते आणि सगळे थांबू शकत होते. “अगदी बरोबर वाचलंस.”

“मग अंधारात गेला की सुटलो?” अक्का म्हणाल्या.

“अंधारात गेला तरी तो असणारच. गोळ्या चालूच राहतील. लिहू द्यायचं नाही, एवढंच,” सिद्धी म्हणाली.

“असू दे,” अक्का म्हणाल्या. “मीही आहेच की. डोळा झाला तरी हललेय का?” त्या उठल्या. हिरवी पट्टी आता गेली होती. त्यांनी टाचा उंचावून वरच्या फळीवरचा डबा अचूक काढला, लाडू घेतला आणि सिद्धीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

सिद्धीचा हात आपोआप पुढे झाला. मग तिने मनगट वळवून घड्याळ पाहिले.

“तास झाला नाही अजून, अक्का.”

“ठाऊक आहे मला,” अक्का म्हणाल्या, आणि लाडू ओंजळीत तसाच धरून तिच्याजवळ बसल्या. वासुदेवरावांनी आपली खुर्ची थोडी पुढे ओढली. टेबलावर फाटक्या पाकिटाचे तुकडे पडले होते. ते गोळा करावेत असे त्यांना वाटले नाही. तिघे त्या घड्याळाकडे बघत बसले.